देखभाल करणाऱ्याचं नाव

आमच्या गावच्या घरात तीन घड्याळं आहेत. एक थोरल्या भावाच्या बाजेसमोर, एक स्वयंपाकघरात, एक बाहेर गोठ्याच्या खांबाला. तिन्ही ग्रामपंचायतीनं दिलेली. दिव्यांगांसाठी पंचायतीला आपल्या उत्पन्नातला काही हिस्सा राखून ठेवावा लागतो. आमच्याकडे तो वस्तू वाटून संपवायची पद्धत होती. मंडप, सत्कार, फोटो. एका वर्षी घड्याळ, एका वर्षी ब्लँकेट, पुन्हा घड्याळ. भावाला कमरेखाली काहीच हलवता येत नाही, पण एकदा त्याला चालायची काठीसुद्धा मिळाली. तो म्हणाला, "ऱ्हाऊ द्या. कुत्री हाकलायला हुईल."

घड्याळं मात्र वाया गेली नाहीत. दर दोन तासांनी भावाची कूस बदलावी लागते. वहिनी चुलीपाशी असो, गोठ्यात असो, तिला मान वर करून वेळ दिसावी म्हणून ती तिनं तशी लावून घेतली होती. नऊ वर्षं हे चाललं होतं. भाऊ उसाच्या ट्रॉलीवर दोर आवळताना वरून खाली पडला, त्या दिवसापासून. नऊ वर्षांत त्याच्या पाठीवर एकही जखम झाली नाही. पुण्याच्या डॉक्टरांनी एकदा पाठ बघून मला विचारलं होतं, "नर्स ठेवलीय का?" मी अभिमानानं म्हणालो, "नाही, घरीच करतो आम्ही." त्या 'आम्ही'मध्ये मी कुठं होतो, हे मी तेव्हा तपासलं नाही.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक आहे. दौंडला राहतो, भांडगावाजवळच्या एका वस्तीशाळेवर जातो. गाव शिरूर तालुक्यात, घोडनदीच्या काठावर. दर रविवारी मोटरसायकलवर गावी जायचं, भावासाठी केळी, वहिनीसाठी औषधांची पिशवी, तासभर बाजेशेजारी बसायचं, चहा प्यायचा, परत यायचं. पारावरची माणसं म्हणायची, "गुरुजी, भाऊ असावा तर तुमच्यासारखा." मी हात जोडायचो. नको म्हणायचो नाही.

हे सगळं सांगायचं कारण एक कागद आहे.

भाऊ पडला तेव्हा मी गावच्याच शाळेवर होतो. त्यानंतर दोनेक वर्षांनी दिव्यांगांच्या सर्वेक्षणाची ड्युटी मला आली. घरोघर जाऊन फॉर्म भरायचा. बाकी सगळ्या घरी मी गेलो, उंबऱ्यात बसून एकेक प्रश्न विचारला. आपल्या घरचा फॉर्म मात्र शाळेतच, टेबलावर बसून भरला. आपल्याला काय विचारायचं, सगळं माहीतच आहे. त्यात एक रकाना होता: 'देखभाल कोण करते?' मी तिथं माझं नाव लिहिलं. नात्यापुढे 'भाऊ', व्यवसायापुढे 'शिक्षक'. वहिनीचं नाव कुटुंबातल्या माणसांच्या यादीत आलं, आणि तिच्या व्यवसायापुढे मी लिहिलं, 'काही नाही.'

लबाडी करायची म्हणून लिहिलं नव्हतं. मी खर्च करायचो, डॉक्टरांशी मी बोलायचो, सह्या मी करायचो, म्हणून देखभाल मी करतो असं मला खरोखर वाटत होतं. आता वाटतं, लबाडी असती तर बरं झालं असतं. निदान ती आठवणीत तरी राहिली असती.

गेल्या वर्षी श्रावणात माझी बायको चार दिवस गावी राहून आली. आल्यावर जेवणं झाली, भांडी झाली, तरी ती ओट्यापाशीच उभी. मग म्हणाली, "तुम्हाला एक सांगायचंय. वहिनींचं अंग बाहेर येतं."

मला समजायला वेळ लागला. गर्भपिशवी खाली उतरली होती.

"तीन वर्षं झाली," ती म्हणाली. "कापडाची घट्ट पट्टी बांधतात आणि भाऊजींना उचलतात. मी न्हाणीत बघितलं. मला शपथ घातलीय, तुम्हाला सांगायचं नाही म्हणून."

"मग सांगतेस कशाला?" माझ्या तोंडून हेच गेलं. आजही ते वाक्य आठवलं की तोंड कडू होतं.

ती माझ्याकडे वळली. "कारण तुम्ही विचारणार नव्हतात."

शिरूरच्या डॉक्टरीणबाईंनी तपासलं. ऑपरेशनला पर्याय नाही म्हणाल्या, आणि जितकं लांबवाल तितकं अवघड. "नंतर तीन महिने वजन उचलायचं नाही. पाण्याची कळशीसुद्धा नाही."

वहिनीनं पदर नीट करत विचारलं, "आन् माणूस?"

डॉक्टरीणबाईंना आधी हसू आलं. मग त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि त्यांचं हसू गेलं.

येताना गाडीत वहिनी म्हणाली, "भावजी, ऑपरेशनचं ऱ्हाऊ द्या. त्यांची पाठ नऊ वर्षं सांभाळली, ती तीन महिन्यांत सडवायची व्हय?" मी म्हणालो, दिवाळीच्या सुट्टीत मी येतो, मी करतो. ती खिडकीबाहेर बघत होती.

दिवाळीच्या सुट्टीत मी खरंच गेलो. वहिनीला म्हणालो, तू फक्त बसून राहा, मी करून बघतो. पहिल्या दिवशी दुपारपर्यंत कूस बदलली, लघवीची पिशवी रिकामी केली. संध्याकाळी भावाला खुर्चीत बसवायला उचललं आणि तो माझ्या हातातून निसटला. बाजेच्या लाकडावर त्याचा खांदा आपटला. वहिनी पोटाला हात लावूनच धावली, त्याच्या काखेत हात घातला आणि एका झटक्यात त्याला वर घेतलं. तिच्या कपाळावर घाम फुटला. मी तिथंच उभा. उचलू नये म्हणून मी आलो होतो, आणि माझ्यामुळेच तिला उचलावं लागलं.

भाऊ म्हणाला, "मास्तर, तू फळ्यावर लिव. हे तुझं काम न्हाई." आणि मग थांबून, "आन् सुट्टी संपल्यावर काय करनार हाईस?"

दुसऱ्या दिवशी ग्रामपंचायतीत गेलो.

ग्रामसेवकांना आमच्याकडे सगळे भाऊसाहेब म्हणतात. माणूस चांगला, कामाला पक्का. मी म्हणालो, भाऊसाहेब, दिव्यांगांच्या निधीतून घड्याळाऐवजी माणूस देता येईल का? तीन महिने, दिवसातून काही तास, उचलायला, आंघोळीला. त्यांनी मान हलवली. "वस्तू सोपी पडते गुरुजी. फोटो काढला, बिल लावलं, विषय संपला. माणूस म्हटलं की प्रश्न येतात." तरी त्यांनी कपाटातून यादी काढली, आमचं घर शोधलं आणि रकान्यावर बोट ठेवलं.

"हे बघा. तुमच्याकडं देखभाल करणारा सरकारी नोकर दाखवलाय. असल्या घराला मदतनीस कसा द्यायचा? मी उद्या अडकलो तर?"

त्यांनी नाव वाचलं. मग माझ्याकडे बघितलं. मग यादी मिटली, हळूच, जणू मला लाज वाटू नये म्हणून.

"अक्षर तुमचंच हाय," ते म्हणाले.

त्यांच्यासमोर मी जे बोललो ते सगळं आता आठवत नाही. चूक झाली म्हणालो, दुरुस्त करा म्हणालो. ते म्हणाले, यादी ग्रामसभेनं मंजूर केलेली, ती ग्रामसभेतच बदलते. मदतनीसाबद्दल ते वरच्या कार्यालयात विचारून आले. वस्तूच द्यावी असं कुठं लिहिलेलं नव्हतं, सेवाही देता येत होती. मात्र गावानं तसा ठराव करायला हवा, आणि मागणी गावातून यायला हवी, एका घरची नव्हे. "महिला सभेत विषय घेतला तर ग्रामसभेला तो टाळता येत न्हाई," एवढं सांगून ते जीभ चावल्यासारखे गप्प झाले.

का, ते मला माहीत होतं. ग्रामसभेच्या आधी महिलांची सभा व्हावी लागते. आमच्या गावात ती वहीत व्हायची. शिपाई वही घेऊन घरोघर फिरायचा, बायका पिठाच्या हातांनी सह्या करायच्या, सभा झाली. गावच्या शाळेवर असताना सभेचं इतिवृत्त सुवाच्य अक्षरात मीच लिहून द्यायचो. न झालेल्या सभेत कोण काय बोललं, तेसुद्धा.

वहिनीला सांगितलं तर ती म्हणाली, "मी सभेला कशी येनार? यांना कुनावर टाकून?"

आणि गावात अशा किती जणी असतील, ज्यांना येता येणार नाही? मी विचारलं. तिनं बोटांवर मोजायला सुरुवात केली आणि तिची बोटं संपली. मला धक्का बसला. याच गावात मी घरोघर फिरलो होतो. माझ्या फॉर्ममध्ये ही माणसं होती, पण त्यांना सांभाळणारी नव्हती.

मग सभेची जागा बदलायची कल्पना वहिनीचीच. "हितंच घ्या की. आमच्या अंगनात. मला यांच्याकडं बी बघता येईल."

सरपंच आप्पांना मी भेटलो. आप्पा ऊस बागायतदार, बोलायला रांगडे. म्हणाले, "सभा गुरुजींच्या अंगनात? लोक म्हनतील, गुरुजी निवडनुकीला उभं ऱ्हातंय." पण परवानगी दिली. दवंडीत जागा सांगितली गेली.

त्या दिवशी ऊन कलल्यावर बायका येऊ लागल्या. मी लिंबाच्या झाडाखाली सतरंज्या घातल्या होत्या. भावाची बाज ओसरीत, तिथून त्याला सगळं दिसत होतं. एक आजी आंधळ्या नवऱ्याला हाताला धरून घेऊन आली. एक जण न बोलणाऱ्या, मोठ्या झालेल्या मुलीला घेऊन आली आणि सभाभर तिचा हात हातात धरून बसली. पलीकडच्या आळीतल्या चाची आल्या. त्यांचं घर गावात पिढ्यान्‌पिढ्यांचं, नवऱ्याचं शिलाईचं दुकान. अंथरुणाला खिळलेल्या सासूला त्यांनी सहा वर्षं सांभाळलं, सासू गेल्या उन्हाळ्यात गेली. त्यांना आता सभेचं कारण नव्हतं, तरी पहिल्या त्याच आल्या.

दारापाशी एक पुरुष घुटमळत होता. पन्नाशीचा. सणसवाडीच्या एका कंपनीत होता, वडिलांना झटका आल्यावर नोकरी सोडून घरी बसला. गावात त्याला मागून 'रिकामटेकडा' म्हणायचे, मीही म्हटलेलं असेल. चाचींनी त्याला हाक मारली, "आत या की, दारात काय हुबं ऱ्हायलाय?"

"महिला सभा हाय नव्हं?"

"मग? बाचं धोतर तुमीच धुता न्हवं? या, बसा. आमच्यातलंच हाय तुमी."

सगळ्या हसल्या. तो लाजत येऊन सतरंजीच्या कडेला बसला.

इतिवृत्त लिहायला मी होतो. आयुष्यात पहिल्यांदा मी ऐकून लिहीत होतो. एक जण म्हणाली, बहिणीच्या लग्नाला चार वर्षं झाली, तिचं घर अजून बघितलेलं नाही. आंधळ्या म्हाताऱ्याची बायको म्हणाली, "मला मोतीबिंदू झालाय. आता कोन कुनाला हात धरून न्यायचं?" आणि स्वतःच हसली, शेजारी बसलेला म्हाताराही हसला. कंपनीतला माणूस एवढंच म्हणाला, "मला रोज दोन घंटे पायजेत. दाढी करून पारावर बसायला. बाकी काय न्हाई."

मग वहिनी उभी राहिली. नऊ वर्षांत ती चार माणसांपुढे बोललेली मी ऐकली नव्हती. बोलण्याआधी तिनं सवयीनं खांबावरच्या घड्याळाकडे बघितलं. चार वाजले होते. ती तशीच वळली, ओसरीत गेली आणि भावाची कूस बदलायला वाकली. अख्खी सभा थांबली. कंपनीतला माणूस उठला, पाठोपाठ चाची. एकानं खांदे धरले, एकीनं गुडघे, उशी पाठीमागे सरकवली. एका दमात झालं. वहिनीचे हात तसेच अधांतरी राहिले.

भाऊ म्हणाला, "आयला, हलक्या हाताची हायत की मानसं. हिच्यासारखं ढकलत न्हाईत."

"ढकलती म्हनं," वहिनी म्हणाली. "उद्यापास्नं तुमीच वळा आपलं आपन." आणि पदर तोंडाला लावून ती हसत होती की रडत होती, मला सांगता येणार नाही. बोलायचं तिनं सोडूनच दिलं. ठराव तिथंच ठरला: निधीतून वस्तूंचं वाटप बंद, मदतनीस नेमावेत, आणि ज्यांनी आपलं माणूस सांभाळलंय त्यांनाच ते काम आधी द्यावं. शेवटचं वाक्य चाचींचं. "ज्याला सवय हाय त्यालाच द्या. नव्यानं शिकवायला येळ कुनाला हाय?"

ग्रामसभा पुढच्या आठवड्यात होती. मी आदल्या दिवसापासून जेवलो नव्हतो. महिला सभेचा ठराव भाऊसाहेबांनी वाचला. मागून कुणीतरी ओरडलं, "घड्याळ बंद करता व्हय? माझ्या म्हातारीला मिक्सर मिळनार हुता!" हशा झाला. दुसरा म्हणाला, "घरच्या मानसाचं करायला पगार? उद्या बायकू भाकरीचं बिल लावंल."

तिथं मी उठलो. म्हणालो, पगार घरच्या माणसाला नाही, त्याला विसावा द्यायला येणाऱ्याला आहे. आणि दुसरं, या यादीत एक खोटी नोंद आहे आणि ती मी केलीय. आमच्या घरी देखभाल करणारा म्हणून माझं नाव आहे. मी रविवारी केळी घेऊन येतो. देखभाल माझी वहिनी करते. भावाला उचलून उचलून ती आजारी पडली. कसली आजारी, ते मी सांगितलं नाही. ते सांगायचा हक्क तिचा. तिचं ऑपरेशन माझ्या त्या नोंदीमुळे अडलंय. ती नोंद खोडा.

ज्या पारावर मला 'भाऊ असावा तर असा' म्हणायचे, तीच माणसं समोर होती. मला वाटलं होतं, कुणी तरी हसेल. भाकरीचं बिल म्हणणारा खाली बघत म्हणाला, "आमच्या घरात बी माझंच नाव हाय, गुरुजी." मागून आणखी एक म्हणाला, "माझं बी बघा, भाऊसाहेब."

आप्पा म्हणाले, "आता समदंच खोडत बसनार का हात वर करनार?"

हात वर झाले. सगळ्यात आधी बायकांच्या बाजूचे. त्या खरोखर आल्या होत्या, सतरंजी पुरली नाही इतक्या. भाऊसाहेबांनी मोजायला सुरुवात केली आणि मध्येच सोडून दिली. "बहुमतानं न्हाई," ते लिहिता लिहिता मोठ्यानं म्हणाले, "एकमतानं."

सभा संपल्यावर मी घराकडे जवळजवळ पळतच गेलो. वहिनी दारात होती. तिला आधीच कळलं होतं. बायका माझ्यापेक्षा जोरात पळाल्या होत्या. मी म्हणालो, "वहिनी, झालं." ती म्हणाली, "समजलं." आणि मग, "तुमी समद्यांसमोर तसं कशाला सांगितलं? तुमची बी काय इज्जत हाय का न्हाई?"

ऑपरेशन जानेवारीत झालं. नीट झालं. आधीचे पंधरा दिवस कंपनीतला माणूस आणि चाची रोज आमच्याकडे येऊन वहिनीकडून शिकत होते: आंघोळीचं पाणी किती, कुठल्या कुशीवर उशी कुठं, पाठ कशी तपासायची. त्याच्या वडिलांपाशी त्या वेळेला आंधळ्या म्हाताऱ्याची बायको बसायची. दर रविवारी त्या शाळेत मीही विद्यार्थी होतो. तिसऱ्या रविवारी चाचींनी मला पास केलं. "जमतंय आता गुरुजींना. फक्त बोलू नका उचलताना."

दवाखान्यातून वहिनी घरी आली नाही. इनामगावला, माहेरी गेली. भाऊ पडल्यापासून ती तिथं एक दिवससुद्धा राहिली नव्हती. इकडे दिवसा चाची आणि कंपनीतला माणूस, रात्री शाळेवरून येऊन मी, असं आम्ही वाटून घेतलं. तिथूनही ती दिवसातून दहा वेळा फोन करायची, मग पाच वेळा, मग एकदा. एकदा तर दोन दिवस फोनच नाही. मी घाबरून केला, तर तिच्या भावजयीनं सांगितलं, नदीकडं गेल्यात फिरायला, फोन घरीच हाय.

भाऊ ऐकत होता. "इसरली मला," तो म्हणाला. त्याच्या चेहऱ्यावर इतका आनंद मी अपघातानंतर पाहिला नव्हता.

तीन महिन्यांनी ती परत आली, तो रविवार होता. चेहरा भरला होता. चपला काढायच्या आधीच तिनं भावाची बंडी वर केली, पाठ बघितली. मान, खांदे, माकडहाड, टाचा. बोट फिरवून फिरवून. आम्ही तिघं, मी, चाची आणि तो, निकालाला उभं राहिल्यासारखे उभे होतो.

पाठ कोरी होती. एक डाग नव्हता.

वहिनी सरळ झाली. कंपनीतल्या माणसाला म्हणाली, "उद्याच्याला किती वाजता येताय?"

तो गोंधळला. "तुमी आल्या न्हवं आता."

"आले म्हनून काय झालं? बचत गटाची मीटिंग हाय माझी उद्या. आन् ठराव काय तीन महिन्यांचा हुता व्हय?"

नव्हता. ठराव मीच लिहिला होता, त्यात मुदत घातलीच नव्हती.

दुरुस्त झालेली यादी या पावसाळ्यात पंचायतीबाहेर लागली. त्याआधी भाऊसाहेबांनी नोंदीसाठी मला बोलावलं होतं. या वेळी मी टेबलावर बसून भरलं नाही. कागद घेऊन घरी गेलो, उंबऱ्यात बसलो आणि सात-आठ वर्षांपूर्वी विचारायला हवे होते ते प्रश्न वहिनीला विचारले. देखभाल कोण करते? तिनं आपलं पूर्ण नाव सांगितलं, माहेरच्या गावासकट. व्यवसाय? ती विचारात पडली. बाजेवरून भाऊ म्हणाला, "लिव, मुकादम. दोन मानसं अन् एक मास्तर हाताखाली हायत."

तेवढ्यात चार वाजले. वहिनी उठली नाही. तिनं नुसतं माझ्याकडे बघितलं, आणि मी कागद बाजूला ठेवून बाजेकडे गेलो.